बँड काढायला काय लागतं?

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाप फी देताना हमखास विचारतात, "सर, याला मित्रांबरोबर बँड काढायचाय. काय काय लागतं हो?" त्यांना खर्चाचा आकडा हवा असतो. मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या 'बेल अँड सबॅस्टियन' या बँडची गोष्ट सुरू करतो आणि त्यांचा चेहरा पडतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहूनच काढतो.

या बँडची बहुतेक गाणी स्टुअर्ट मरडॉकची. ऐन विशीत त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे सतत गळून गेल्यासारखं वाटण्याचा आजार जडला आणि जवळजवळ सात वर्षं त्यात गेली. नोकरी नाही, बाहेर फिरणं नाही. घरात पडल्यापडल्या तो गाणी रचायला लागला. थोडं बरं वाटल्यावर ग्लासगोच्याच स्टो कॉलेजात बेकार संगीतकारांसाठी चालणाऱ्या वर्गाला गेला. तिथे बेस गिटार वाजवणारा स्टुअर्ट डेव्हिड भेटला, दोघांनी डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंग्ज केली.

खरी गंमत पुढेच आहे. त्याच कॉलेजात म्युझिक बिझनेसचा अभ्यासक्रम होता. तिथली मुलं दरवर्षी कॉलेजच्या 'इलेक्ट्रिक हनी' या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीतर्फे, एक सिंगल (एकदोन गाण्यांची रेकॉर्ड) काढायची. आपल्याकडे प्रोजेक्ट सबमिट करतात ना, तसं. त्यांच्या हाती हे डेमो पडले. मरडॉककडे गाणी इतकी साठली होती, की सिंगल राहिलं बाजूला, अख्खा अल्बमच ठरला. बँड जमला तो या धांदलीत. ड्रमर रिचर्ड कोलबर्न तर त्याच अभ्यासक्रमाचा विद्यार्थी! 'टायगरमिल्क' तीन दिवसांत रेकॉर्ड झाला आणि जून 1996 मध्ये त्याच्या फक्त 1000 एलपी निघाल्या. पुढे त्यांतली एकेक 400 पौंडांपर्यंत विकली गेली. नोव्हेंबरात, म्हणजे त्याच वर्षी, जीपस्टर या लेबलवर दुसरा अल्बम.

आम्ही चौघांनी कॉलेजात बँड काढला तेव्हा नावावरूनच तीन महिने भांडलो. मग टी-शर्ट छापले. गॅदरिंगला स्टेजवर उभे राहिलो तेव्हा आमची स्वतःची गाणी होती दोन, त्यातल्या एकाची चाल ढापलेली. पुढे आमचा बँड वाजला, हे सांगायला नकोच.

परवा एका मुलाने त्याची बँडची वही दाखवली. पहिल्या पानावर निळ्या बॉलपेनने लोगो, इतका गिरवलेला की मागच्या पानावर उमटलाय. पुढची पानं कोरी. मी म्हटलं, "अँप्लिफायरचं नंतर बघू. आधी दहा गाणी आण, भिकार असली तरी चालतील." त्याची आई माझ्याकडे बघत राहिली, तिला बहुधा वाटलं, सर खर्चाचं टाळतायत.

"पण सर, पोटापाण्याचं काय?" हेही विचारतात, आणि रास्तच आहे ते. 1999 मध्ये बेल अँड सबॅस्टियनला नवोदितांसाठीचा ब्रिट पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला. लोकांच्या मतांवर मिळालेला, 'स्टेप्स'सारख्या तगड्या पॉप ग्रुपला मागे टाकून. त्यावरून बरीच बोंबाबोंबही झाली. मरडॉक तेव्हा एका चर्चच्या हॉलवरच्या घरात राहायचा आणि त्या हॉलची देखभाल करायचा. ते काम त्याने 2003 पर्यंत सोडलं नाही.