पहिल्या शीलापाशी थांबलेला माणूस

ओळख पटेल असे तपशील बदलून आणि त्या गृहस्थांची परवानगी घेऊन हा अनुभव लिहीत आहे. ते पन्नाशीचे, नागपूरजवळच्या एका गावचे, सव्वीस वर्षे मालट्रक चालवलेले. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी, वळणावर, त्यांच्या भरलेल्या ट्रकखाली एक मोटारसायकलस्वार तरुण सापडला आणि जागीच गेला. पोलीस तपासात त्यांचा दोष निघाला नाही. तरीही पुढचे सात महिने त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. झोप उडाली, टायरचा किंचाळता आवाज कुठेही ऐकू आला की छाती आवळून येई, आणि घरात कोणी मोठ्याने बोलले तरी ते उठून अंगणात जात. अशा अवस्थेत ते माझ्याकडे मानसोपचारासाठी आले.

दुसऱ्याच भेटीत माझ्या हातून चूक झाली. माझे बरेचसे शिक्षण सजगतेवर (माइंडफुलनेस) आधारलेल्या उपचारांच्या त्या परंपरेत झाले होते, जिची सुरुवात 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये केली आणि जिच्या आधारे पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी नैराश्य उलटू नये म्हणून आठ आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम उभा केला. त्यातच दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराची माझी स्वतःची अनुभूती ताजी होती. मी त्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले. दोन मिनिटांत ते घामाने भिजले आणि खुर्चीवरून उठले. "मॅडम, श्वासाकडे पाह्यलं का तीच रात्र येते," एवढेच ते म्हणाले. ज्या माणसाची भीती छातीतच वस्तीला आहे, त्याला मी कसलीही तयारी न करता थेट छातीत उतरायला लावले होते. आघातातून गेलेल्या माणसाला आधी सुरक्षित जमीन लागते हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण त्या दिवशी तंत्राच्या प्रेमात मी माणूस पाहिला नाही. तिसऱ्या भेटीत आम्ही डोळे उघडे ठेवले. तळपायांना लागणारी फरशी, हातातल्या स्टीलच्या पेल्याचा गारवा, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाचे हलणे, एवढ्यावरच थांबलो. सतिपट्ठानात, म्हणजे सजगतेच्या साधनेविषयीच्या बुद्धांच्या उपदेशात, श्वासाच्या जोडीने चालणे, उभे राहणे, बसणे हेही येते. ते सोडून मी श्वासच का धरून बसले होते, याचे मला नंतर वाईट वाटले.

चौथी भेट मात्र आजही जशीच्या तशी आठवते. बोलता बोलता मी विचारले, की घरात कोणत्या वेळी सगळ्यांत जास्त त्रास होतो. रात्री असे उत्तर मी गृहीत धरले होते. ते म्हणाले, "सकाळी. वंदनेच्या वेळेस. पाणातिपाता आलं का मी गप होतो. ओठ हालवतो फक्त. मायले वाटते मी म्हणतो."

सात महिने हा माणूस रोज सकाळी आईशेजारी उभा राहून पंचशीलातली पहिली ओळ, जीवहत्येपासून दूर राहण्याची, गिळत होता. बुद्धांची जी शिकवण मी उपचाराचे तंत्र म्हणून शिकले होते ती त्यांच्या घरात आईच्या आवाजात होती, आणि पहिल्या तीन भेटींत मी तिच्याविषयी एक प्रश्नही विचारला नव्हता.

मी कर्माचा विषय काढला तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. "बाबासाहेबांनी मागच्या जन्माचं नाही मानलं, हे मले ठाऊक हाये. पण हे तर याच जन्माचं हाये ना?"

या प्रश्नाला घाईने दिलेला दिलासा त्यांनी ओळखला असता. मी कागदावर एक वर्तुळ काढले. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत, अपराधभावासाठी वापरली जाणारी ही साधी रीत आहे: घटनेला कारणीभूत ठरलेली प्रत्येक गोष्ट लिहायची, प्रत्येकीला वाटा द्यायचा, आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी. त्यांनी सुरुवातीलाच "शंभर टक्के माह्याच" असे सांगितले होते. मग एकेक कारण निघत गेले. पाऊस. दिवेलागणीची वेळ आणि रस्त्यावर दिवा नाही. वळणावरचा खड्डा, जो चुकवायला तो तरुण एकदम मध्ये आला. भरलेल्या ट्रकला थांबायला लागणारे अंतर. माल सकाळपर्यंत पोचलाच पाहिजे हा तगादा. हे सगळे लिहून झाल्यावर वर्तुळात थोडीशी जागा उरली, आणि तिच्याकडे पाहत ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, की आदल्या रात्री ते जेमतेम तीन तास झोपले होते, अपघाताच्या अर्ध्या तासाआधी एका ढाब्यावर थांबावेसे वाटले होते आणि ते थांबले नव्हते. हे त्यांनी पोलिसांना, बायकोला, कोणालाच सांगितले नव्हते. "पंधरा माहे," असे म्हणून त्यांनी स्वतः तो आकडा लिहिला.

ते पंधरा मी खोडले नाहीत, कमीही केले नाहीत. अपराधभाव दिसला की तो पुसून टाकायची आम्हा उपचारकांना घाई असते आणि ती मला आता धोक्याची वाटते, कारण खरा असलेला छोटा वाटा नाकारला की माणूस उरलेल्या पंच्याऐंशीबद्दलचे आपले म्हणणेही मानत नाही.

त्यानंतरच मी त्यांना वेदनासंयुत्तातल्या, म्हणजे वेदनांविषयीच्या बुद्धवचनांच्या संग्रहातल्या, दोन बाणांविषयी सांगितले. दुःखाचा पहिला बाण सर्वांनाच लागतो. त्याविषयी शोक करत, ऊर बडवत राहणारा अजाण माणूस दुसरा बाणही सोसतो. त्याच संयुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, की माणसाला जे जे भोगावे लागते ते सारे पूर्वकर्मामुळेच का. बुद्ध नाही म्हणतात, आणि पित्त, कफ, वात, ऋतुबदल, स्वतःची नीट काळजी न घेणे अशी आठ कारणे सांगतात, त्यांतले कर्मफळ हे फक्त एक. ते सुत्त भोगणाऱ्याच्या स्वतःच्या वेदनेविषयी आहे, दुसऱ्याच्या मृत्यूविषयी नाही, हेही मी स्पष्ट केले. पण कारणे अनेक असतात हे बुद्धांनी मोजून सांगितले आहे, हे ऐकून त्यांनी समोरचे वर्तुळ पुन्हा हातात घेतले.

पहिले शील मोडले की नाही, हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. ते त्यांनी विहारातल्या भंतेजींना विचारावे, असे मी सुचवले. पुढच्या भेटीला ते आले तेव्हा बोटांवर मोजत होते: जीव असणे, तो जीव आहे हे कळणे, मारण्याचा हेतू, त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि त्यातून आलेला मृत्यू. ही पाचही असतील तरच ते शील मोडते, असे भंतेजींनी अट्ठकथेच्या, म्हणजे पाली ग्रंथांवरील जुन्या भाष्याच्या, आधाराने सांगितले होते. "चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि" हे वचनही त्यांनी म्हणून दाखवले होते: चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, मी कर्म म्हणतो. आणि शीलाच्या ओळीतले 'सिक्खापदं' म्हणजे शिकण्याची पायरी, ती रोज नव्याने घ्यायची असते, हेही.

उपचार तिथे संपला नाही. त्या संध्याकाळची आठवण पुन्हा पुन्हा सांगणे, मग उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये नुसते बसणे, मग मोकळ्या मैदानात फेरी, असे आणखी चार महिने गेले. आता ते दिवसा छोटा टेम्पो चालवतात. पावसात आणि अंधार पडल्यावर ते अजूनही गाडी काढत नाहीत, आणि मीही त्यांना त्यासाठी भाग पाडलेले नाही. पंधरा टक्क्यांचे काय करायचे हे त्यांनी स्वतःच ठरवले: ट्रक अड्ड्यावरच्या तरुण चालकांना ते त्या ढाब्याची गोष्ट सांगतात, जिथे ते थांबले नव्हते.

वंदनेविषयी मी एकदाच विचारले. आषाढ पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. ते म्हणाले, "मायनं म्हटलं, तिच्या मांगं मी म्हटलं. आवाज कापत होता, पण म्हटलं."