बावीस सेंटिमीटरसाठी 74 दिवस

घराची वास्तुशांत होऊन बराच काळ लोटला. फरशी कधी बसवली, रंग कधी दिला, हे कुणी विचारलं तर मला आठवावं लागतं. जोते तपासणीच्या दाखल्यासाठी घालवलेले 74 दिवस मात्र तारीखवार पाठ आहेत. अजूनही त्या कार्यालयावरून जाताना डोकं तापतं.

सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, आप्पांनी घेतलेली 3 गुंठे जागा. बांधकाम परवानगी वेळेत मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. 9 मे 2023 ला जोतं पूर्ण झालं. या टप्प्यावर काम थांबवून इंजिनिअरमार्फत कळवावं लागतं. मग बांधकाम विभागाचा माणूस येऊन मापं घेतो, इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बसली आहे का ते बघतो आणि पुढच्या कामाचा दाखला मिळतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत तपासणीला 7 दिवस दिलेत. आम्ही 11 मे ला अर्ज टाकला.

सात दिवस गेले, दहा गेले. मिस्त्री रोज विचारायचे, "साहेब, कॉलम उभे करू का? नाही म्हणाले नाहीत म्हणजे होच की." मुदतीत नकार आला नाही तर परवानगी मिळाली असं धरता येतं, हे खरं. पण आमच्या इंजिनिअरनी बजावलं, "काम नकाशाप्रमाणे असेल तरच ते धरता येतं. उद्या माप कमी निघालं तर भोगवट्याला, म्हणजे राहायला जायच्या परवानगीला, अडकाल." शिवाय बँकेचा पुढचा हप्ता या दाखल्यावर अवलंबून होता. इकडे भाड्याच्या घराचं भाडं, तिकडे मिळालेल्या कर्जावरचं व्याज, दोन्ही चालू.

30 मे ला, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी, कनिष्ठ अभियंता आले. पूर्वेच्या बाजूला शेजाऱ्यांची कंपाउंडची भिंत आहे. अभियंत्यांनी टेप त्या भिंतीला लावला आणि आमच्या जोत्यापर्यंत माप घेतलं : 1.28 मीटर. नकाशात 1.50. वहीत लिहिलं, 'सामासिक अंतर कमी', म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा कमी, आणि निघाले.

मी मागे धावलो. "साहेब, भिंत म्हणजे हद्द नव्हे. ती भिंत जुनी आहे आणि आमच्या जागेत आलेली आहे. आम्ही लाईनआऊट, म्हणजे घराची जमिनीवरची आखणी, हद्दीच्या दगडापासून केलंय, 1.52 भरतंय."

"दगड दाखवा."

तोच दाखवता येईना. चार कोपऱ्यांपैकी ईशान्येचा दगड आमच्याच पायाच्या खोदाईच्या मातीखाली गेला होता. दोन दिवस मजूर लावून उकरलं, सापडला नाही. जागा घेतानाची मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, दाखवली, तर उत्तर मिळालं की कागदावरची रेघ जागेवर दिसत नाही, हद्द कायम मोजणी करून आणा. भिंत हीच हद्द असं कुठल्या कागदात आहे, हे मी तीनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही. ज्या मापावर एखाद्याचं घर अडतं, ते माप कुठून घ्यायचं हे आधी कागदावर बघायला नको का?

2 जूनला भूमी अभिलेखकडे जास्त फी भरून मोजणीचा अर्ज केला. लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या. शेजारचे काका नोटीस घेऊन घरी आले, त्यांना वाटलं आम्ही त्यांची भिंत पाडायला निघालोय. आप्पा म्हणाले, "भिंत राहू दे तुमची. फक्त मोजणीला उभे राहा आणि सही करा." काका उभे राहिले, सही केली. तारीख मिळाली होती 4 जुलै.

तोवर पाऊस सुरू झाला होता आणि कॉलमच्या सळया उघड्या. मला झोप लागत नसे. इंजिनिअरनी सिमेंटचं पाणी कालवून सळयांना ब्रशनं लावायला सांगितलं. चोळल्यावर नुसती तांबूस पूड निघते तोवर घाबरू नका, पापुद्रे सुटू लागले तर सळईच खाल्ली जातेय. पण हा सिमेंटचा लेप कॉलम भरण्याआधी तारेच्या ब्रशनं काढायचा, नाहीतर नवं काँक्रीट सळईला नीट धरत नाही. आमचे मजूर हे विसरले होते, मीच उभा राहून काढायला लावला.

त्या दिवसांत एक चांगलं झालं. जोत्यातला मुरूम एरवी घाईत एकदम ढकलतात. आम्ही 15-15 सेंटिमीटरचे थर टाकून, पाणी मारून धुमसानं ठोकला. फरशी आजवर कुठे दबलेली नाही.

मोजणीला भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र, घेऊन आले आणि त्यांनी दाखवलेल्या जागी खणलं, तर दीड फुटावर दगड! भिंत आमच्यात 24 सेंटिमीटर आलेली, आमचं अंतर बरोबर 1.52. त्या क्षणी आप्पांनी दगडावर हात ठेवला, ते मी विसरणार नाही.

नवी क प्रत 13 जुलैला हातात पडली. पण फायलीवर सही करणाऱ्या साहेबांकडे अतिरिक्त कार्यभार, ते फक्त सोमवारी आणि गुरुवारी येणार. 17 ला मीटिंग. 20 ला फाईल टेबलावर, पण 'अंतर कमी'चा ऑनलाइन शेरा कुणी मिटवलाच नव्हता, त्यामुळे सही होईना. 24 जुलैला दाखला मिळाला.

तुम्ही बांधणार असाल तर लाईनआऊटच्या आधी चारही दगड उघडे करून भोवती काँक्रीट भरा आणि टेप लावलेले फोटो तारखेसह ठेवा. अंतर जोत्याच्या बाहेरच्या अंगापासून मोजतात, कॉलमच्या मध्यापासून नाही. बाहेरच्या गिलाव्याची जाडीही धरा. आमचे 2 सेंटिमीटर जास्त ठेवले होते म्हणून वाचलो. तपासणीला येणाऱ्यांच्या हातात क प्रत आधीच द्या, त्यांनी टेप लावायच्या आधी.

पुढचं काम भराभर झालं. कॉलमच्या रिंगांचे हूक तेवढे मी स्वतः तपासले : 135 अंशांत आत वळवलेले, टोक किमान 65 मिलिमीटर. फिटर 90 अंशांवर सोडत होता. आप्पांनी 11 डिसेंबर 1967 ची कोयनेच्या भूकंपाची पहाट बघितलेली आहे, त्यामुळे या बाबतीत आमच्या घरी कुणी तडजोड करत नाही.

एक राहिलंच. दाखल्याच्या दोन छापील प्रती वेगळ्या ठेवा. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तोच दाखला, त्याच कार्यालयानं माझ्याकडे परत मागितला.