तिसरा वाघ

परतवाड्याहून निघालेली आमची जीप सेमाडोहच्या पुढे पावसामुळे दोनदा थांबली. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या त्या शाळेत पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. मांडीवरच्या पिशवीत दहा पुस्तकं होती. खरं तर ती अजून पुस्तकं झाली नव्हती. पुण्यात प्रेसमध्ये उभं राहून मी दहा छापील ताव हातानं दुमडले होते, कापले होते आणि मधे दोन पिना मारल्या होत्या. उरलेले दोन हजार ताव तिकडे थप्पी लावून घडीची वाट बघत पडले होते. मुलांच्या हातात एकदा पुस्तक देऊन बघू आणि मगच बाइंडिंगला हो म्हणू, एवढाच या खेपेचा हेतू होता.

मी मुलांच्या पुस्तकांची संपादक आहे. आमचं प्रकाशन लहान आहे. विक्रीतला थोडा भाग बाजूला काढून दरवर्षी एक-दोन पुस्तकं आम्ही थेट शाळांच्या वाचनालयांसाठी करतो. ती दुकानात जात नाहीत. यंदाचं पुस्तक कोरकू आणि मराठीत होतं. वर कोरकू ओळ, खाली मराठी, दोन्ही देवनागरीत.

कोरकूबद्दल थोडं सांगायलाच हवं. मेळघाटात आणि पलीकडे मध्य प्रदेशात बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूरकडे ही भाषा बोलतात. 2011च्या जनगणनेत तिचे बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात होते. शेजारच्या गोंडीशी तिचं नातं नाही, मराठीशीही नाही. तिचं गोत लांब झारखंडातल्या मुंडारी-संथाळीचं. वाघाला संथाळीत ‘कुल’ म्हणतात, कोरकूत ‘कुला’. मधे किती जंगलं आणि किती राज्यं, पण शब्द तसाच राहिला आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे ‘माणसं’. हे मला पुस्तकाच्या कामातच कळलं आणि फार आवडलं होतं. त्या ‘कू’नंच मला त्या दिवशी पकडलं.

ही भाषा घरी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याच्यासमोर एकदम मराठी पाठ्यपुस्तक उघडतं. अक्षर नवं, शब्दही नवा. वाचायला शिकणं म्हणजे ओळखीचा शब्द कागदावर भेटणं. इथे भेटणारा शब्दच अनोळखी असतो. अशी मुलं मागे पडली की आपण त्यांना ‘कच्ची’ म्हणतो, याचा मला मनापासून राग येतो.

वर्गात तिसरी-चौथीची तीसेक मुलं होती. कोरकू मजकूर करणारे सर याच शाळेतले आणि स्वतः कोरकू. त्यांनी पुस्तकं वाटली, तिघातिघांत एक. पहिल्या पानावर पाणी आलं, ‘डा’, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा जोरात ओरडला, “डा! हमारा डा!” बाहेर पाऊस कोसळतच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लपवत नाही.

अकराव्या पानावर वाचन अडलं. नदीच्या काठावर वाघ पाण्याला येतात, असं ते पान. एक मुलगी बोट ठेवून वाचत होती. ‘कुलाकू’पाशी ती थांबली, चित्राकडे बघितलं, पुन्हा शब्दाकडे बघितलं. मग सरांना म्हणाली, “सर, ये तो दो हैं ना.”

मला काही कळलं नाही. सरांचा चेहरा मात्र उतरला. पुस्तक घेऊन ते माझ्याजवळ आले. “मॅडम, दोन वाघ असतील तर कुलाकिञ. कुलाकू म्हणजे तीन किंवा जास्त.”

शाळेतलं संस्कृत आठवलं. देवः देवौ देवाः. त्यातलं मधलं रूप आपण परीक्षेपुरतं पाठ करतो, कारण मराठीत द्विवचन उरलेलंच नाही. इथे ते नऊ वर्षांच्या मुलीच्या जिभेवर जिवंत होतं.

चूक सरांची नव्हती. मी त्यांना फोनवर नुसता मजकूर पाठवला होता, “वाघ पाण्यावर आले.” त्यावरून किती वाघ हे कुणाला कळणार? सरांना वाटलं वाघीण आणि तिची पिल्लं असतील, म्हणून त्यांनी ‘कू’ लावला. तिकडे चित्रकारानं पानाची रचना बघून दोन वाघ काढले. मजकूर आणि चित्र दोन्ही माझ्याच टेबलावर एकत्र आले आणि पुण्यात ते खटकावं असं कुणाच्याच कानात नव्हतं. छापण्याआधी चित्रांसकट डमी, म्हणजे पुस्तकाची नमुना प्रत, मेळघाटात पाठवायला हवी होती. घाई झाली म्हणून मी ती पाठवली नाही.

त्या क्षणी डोक्यात कागदाचा हिशेब सुरू झाला. हे पुस्तक आम्ही मुद्दाम काटकसरीनं बेतलं होतं. 23 बाय 36 इंचाच्या एका तावात साडेआठ बाय अकराची सोळा पानं बसतात, मुखपृष्ठ त्यातच, वेगळं कव्हर नाही, वर प्लॅस्टिकचं लॅमिनेशन नाही. एक ताव, एक पुस्तक. त्यामुळे कापताना वाया जात नाही म्हणण्याइतकंच जातं. पण याचाच अर्थ असा की एक शब्द चुकला की अख्खा ताव चुकला. चार रीम म्हणजे दोन हजार ताव, 120 जीएसएमचा (चौरस मीटरला 120 ग्रॅम) सव्वाशे किलोच्या वर कागद. पर्यावरण जपायचं म्हणून आखलेलं पुस्तक मी रद्दीत घालायला निघाले होते. पर्याय दुसरा, चुकीचं पुस्तक तसंच वाटायचं. ज्या मुलांना आजवर त्यांच्या भाषेतलं छापील काहीच मिळालं नाही, त्यांच्या पहिल्या पुस्तकात त्यांचंच व्याकरण मोडायचं? शुद्धिपत्र चिकटवायचा विचारही आला. तिसरीतलं मूल शुद्धिपत्र कशाला वाचेल!

सरांनी मुलांनाच विचारलं, काय करायचं. बराच वेळ कोरकूत गलका चालला. मग तीच मुलगी उठली, माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि अकराव्या पानावर उजवीकडे, बोरूच्या गवताशेजारच्या कोऱ्या जागेत, एक छोटा वाघ काढला. कान मोठे, शेपूट सरळ वर. सरांच्या मनातलं पिल्लूच ते. पुस्तक माझ्या हातात देऊन ती जागेवर जाऊन बसली.

मी ते पान तसंच पुण्याला आणलं. मशीनवरचे दादा आधी नाहीच म्हणाले. मग ताव उजेडात धरून त्यांनी पाहिलं. चित्रं काळ्या आणि गेरूच्या दोन रंगांत होती, ती जागा स्वच्छ कोरी होती, ताव अजून घडी न घातलेले सपाट होते. फक्त काळ्या शाईची एक प्लेट करून सगळे ताव एका बाजूनं पुन्हा काढायचे. “बाकी कशाशी जुळवायचं नाहीये, एकटंच पिल्लू आहे, बसेल,” ते म्हणाले. एका दुपारचं काम. पन्नासेक ताव मशीन लावण्यात वाया गेले, बाकी सगळे वाचले.

मूळ दोन वाघांचं पानही आम्ही टाकलं नाही. बंगळूरूच्या प्रथम बुक्सनं 2015 साली साक्षरता दिनी, 8 सप्टेंबरला, स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं खुलं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हापासून खुल्या परवान्याची वाट आमच्यासारख्या लहान प्रकाशकांनाही दिसली आहे. कुणीही उतरवून घ्यावं, भाषांतर करावं, हवं तेवढंच छापावं. आमची फाइलही आम्ही तशीच खुली ठेवली. तिच्यात दोन वाघ आहेत आणि शब्द आहे ‘कुलाकिञ’. छापील पुस्तकात तीन वाघ आहेत आणि ‘कुलाकू’. सर वर्गात दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून वाचून घेतात, असं त्यांनी फोनवर सांगितलं.

माझ्या हस्तलिखिताच्या तक्त्यात आता एक रकाना वाढला आहे, ‘चित्रात किती?’ पुढच्या कोरकू पुस्तकाचा तक्ता परवा सरांकडून भरून आला. पाचव्या ओळीत दोन बहिणी बाजाराला निघतात. त्या रकान्यात सरांनी ‘दोन’ लिहून खाली दोनदा रेघ मारली आहे.