लोणारचं वय किती? आधी सांगा, कशाचं

लोणारच्या काठावर लावलेल्या पाट्या, पर्यटनाच्या पुस्तिका आणि शाळेच्या सहलीतले गाईड बहुतेक एकच आकडा सांगतात: ५० हजार किंवा ५२ हजार वर्षं. २०११ नंतर छापलेलं काही वाचलंत तर ५ लाख ७० हजार भेटतं. दोन्ही आकडे गंभीर संशोधनातून आलेत, आणि त्यांच्यात जवळजवळ अकरा पटींचा फरक आहे. अशा वेळी लोक विचारतात, कोण चुकलं? माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: कोणी नक्की काय मोजलं?

बुलढाणा जिल्ह्यातला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून तळ्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर उतरावं लागतं. भूगर्भशास्त्र, अणुभौतिकी, हवामानशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, इतिहास असे सगळेच इथे येतात. पाहतात एकच जागा, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळ्या क्षणी सुरू होतं.

वयाच्या आधी मूळ. एकोणिसाव्या शतकात लोणारला ज्वालामुखीचं तोंड मानत, आणि त्यात वेडगळ काही नव्हतं. चहूबाजूंनी काळा बसाल्ट, म्हणजे लाव्हाचाच दगड; त्यात गोल खड्डा दिसला तर आणखी काय सुचणार? अडचण अशी की दख्खनचा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आणि खड्डा मात्र अगदी ताजा, काठ अजून उंचावलेला. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने लोणारचं अ‍ॅरिझोनातल्या खड्ड्याशी असलेलं साम्य दाखवलं. गंमत म्हणजे तेव्हा तो अ‍ॅरिझोनाचा खड्डाही ज्वालामुखीचाच मानत होता. साम्य बरोबर, निष्कर्ष चुकीचा: दोन्ही खड्डे उल्केच्या आघाताचे.

ज्वालामुखी की उल्का, हा वाद नुसत्या आकारावरून सुटणारा नव्हता. तो सुटला दगडाच्या ०.०३ मिलिमीटर जाडीच्या कापातून. बसाल्टमध्ये प्लेजिओक्लेज नावाचं खनिज लांबट पट्ट्यांच्या रूपात असतं. काप सूक्ष्मदर्शकाखाली दोन आडव्या-उभ्या ध्रुवकांच्या (प्रकाशाला एकाच दिशेत कंपायला लावणाऱ्या पट्ट्यांच्या) मधे ठेवून फिरवला की हे स्फटिक उजळतात, विझतात, अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा दाखवतात. लोणारच्या काही तुकड्यांत पट्टीचा आकार जसाच्या तसा, कडा सरळ, पण काप पूर्ण ३६० अंश फिरवला तरी ती पट्टी काळीच राहते. स्फटिक न वितळता, आपला आकार न सोडता आतून काच झालेला असतो. हे मॅस्केलिनाइट. त्याला साधारण २५ ते ३० गिगापास्कल दाब लागतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या अडीच-तीन लाख पट. कुठल्याही ज्वालामुखीच्या स्फोटाला ते जमत नाही. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी तळ्यात घेतलेल्या बोअरमधले असे तुकडे ‘सायन्स’मध्ये मांडले आणि उल्केचा पक्ष भक्कम झाला. बसाल्टमध्ये इतकं नीट टिकलेलं आघात-विवर पृथ्वीवर विरळाच, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारेही इथले दगड नेतात.

आता वय.

सगळ्यात सोपी वाटणारी पद्धत कार्बन-१४. आघाताने उडालेला मलबा आजूबाजूच्या जमिनीवर पसरला. त्या मलब्याखाली दबलेली जुनी माती शोधायची आणि तिच्यातला सेंद्रिय कार्बन मोजायचा. कल्पना सुरेख. पण कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाळ ५,७३० वर्षं; ५० हजार वर्षांनी मूळच्या हजारातले दोनेक भाग उरतात. त्यात वरून झिरपणारं पाणी ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली सेंद्रिय आम्लं) खाली नेतं, बारीक मुळं मलब्यातून आत शिरतात. गणित करून बघा: नमुना कितीही प्राचीन असो, त्यात फक्त १ टक्का आजचा कार्बन मिसळला तर यंत्र सुमारे ३७ हजार वर्षं दाखवणार. म्हणून प्रयोगशाळेत मातीला आधी आम्ल, मग अल्कली, मग पुन्हा आम्ल असे धुवून घेतात. धुऊनही शंकेला जागा उरतेच. अशा मातीचं ‘तीस-चाळीस हजार’ हे उत्तर आलं तर त्याचा अर्थ ‘निदान तेवढं तरी’ असा घ्यायचा. छापून येताना नेमका ‘निदान’ गळतो.

दुसरी पद्धत विखंडन-रेषांची. काचेतला युरेनियम-२३८ क्वचित आपणहून फुटतो आणि सुमारे १० मायक्रॉन लांबीचा ओरखडा सोडतो. काच घासून चकचकीत करायची, हायड्रोफ्लोरिक आम्लात काही सेकंद बुडवायची, ओरखडे रुंद होतात, मग मोजायचे. ग्रॅनाइटच्या मुलखात ठीक; बसाल्टच्या काचेत युरेनियम दशलक्षात एक भागही भरत नाही. मोजायला रेषाच मिळत नाहीत. अशा मोजणीत त्रुटी संख्येच्या वर्गमुळाएवढी असते: १०० रेषा सापडल्या तर १० टक्के, ४ सापडल्या तर ५० टक्के. २००४ मध्ये लोणारच्या काचेवरून आलेलं उत्तर होतं १५.३ हजार वर्षं, अधिक-उणे १३.३ हजार. अधिक-उणे न लिहिता नुसतं ‘१५ हजार’ लिहिणाऱ्याने वाचकाला फसवलं, असंच मी म्हणेन.

पाट्यांवरचा ५२ हजार आला १९९७ च्या उष्मादीप्तीच्या अभ्यासातून. त्यातली त्रुटी ६ हजार. आघाताच्या उष्णतेत दगडातले जुने अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, घड्याळ शून्यावर येतं. पुढे भोवतालच्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सर्गाने ते पुन्हा साठत जातात. प्रयोगशाळेत लाल मंद उजेडात नमुना काढून तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाश बनून बाहेर पडते. एकूण साठा भागिले वर्षाचा साठा, की वय. भागाकार सोपा, भाजक अवघड. माती ओली असेल तर पाणी किरणं शोषतं आणि वार्षिक मात्रा घटते; गेल्या हजारो वर्षांत सरासरी ओल किती होती हे अंदाजानेच धरावं लागतं. त्याहून मोठी गोम फेल्डस्पारची. बसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतो, संकेत मिळतो तो प्लेजिओक्लेजसारख्या फेल्डस्पारमधून, आणि ज्वालामुखीजन्य फेल्डस्पारमधले इलेक्ट्रॉन थंडीतसुद्धा हळूहळू गळतात. गळक्या रांजणात किती पाणी आहे ते बघून तो कधीपासून भरतोय हे सांगण्यासारखं. उत्तर खऱ्यापेक्षा कमीच येणार.

२०११ चं ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार, हे आर्गॉनवरून काढलेलं वय. पोटॅशियम-४० चा आर्गॉन-४० होतो. वितळलेल्या दगडाचे निवडक कण अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायचे, म्हणजे थोडा पोटॅशियम-३९ आर्गॉन-३९ बनतो. मग टप्प्याटप्प्याने तापवत दोन्ही आर्गॉनचं गुणोत्तर मोजायचं. इथे धोका उलट दिशेचा. दगड मूळचा साडेसहा कोटी वर्षांचा, त्यात तेवढ्या काळाचा आर्गॉन भरलेला. आघात क्षणांत आटोपला, वितळ लगेच थिजली. समजा ९९ टक्के जुना आर्गॉन निसटला आणि १ टक्का अडकून राहिला: साडेसहा कोटीचा १ टक्का म्हणजे साडेसहा लाख वर्षं. नुसती चूकच उत्तरापेक्षा मोठी! त्या संशोधकांना हे माहीत होतं, त्यांनी पोटॅशियमपासून न बनणाऱ्या आर्गॉन-३६ च्या आधाराने वारशात आलेला भाग वेगळा काढून वय दुरुस्त केलं. म्हणून तो आकडा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पण तोही त्या दुरुस्तीवर उभा आहे.

आणखी एक तपासणी कुणीही कागदाच्या कोपऱ्यावर करू शकतो. तळ्यातल्या गाळाच्या वरच्या १० मीटरच्या गाभ्यात, म्हणजे नळीने उभ्या काढलेल्या नमुन्यात, सुमारे ११ हजार वर्षं नोंदली गेली आहेत. बोअरमध्ये एकूण गाळ सुमारे १०० मीटर. साधं त्रैराशिक मांडलं तर १ लाख १० हजार वर्षं, म्हणजे दोन्ही पक्षांना न पटणारं उत्तर. त्रैराशिक इथे लंगडं पडतं. खालचा गाळ दाबला गेलाय, त्यामुळे त्याच्या एका मीटरमध्ये जास्त वर्षं मावतात. उलट सुरुवातीला उभे, सैल काठ ढासळत असणार, तेव्हा मीटर भराभर भरले. एक कारण वय वाढवतं, दुसरं घटवतं. कुठलं जड ते खोल गाभा काढून त्याचे थर नीट तपासल्याशिवाय कळायचं नाही.

हाच १० मीटरचा गाभा इतिहासाच्या अभ्यासकांपुढे वेगळंच कोडं ठेवतो. त्यात दोन पट्ट्यांत गेलुसाइटचे स्फटिक सापडतात. हे सोडियम-कॅल्शियमचं पाणीदार कार्बोनेट, तळं फार आटून पाणी घट्ट झालं की तयार होतं. पट्टे साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचे आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. दुसरा पट्टा म्हणजे सातवाहनांपासून यादवांच्या अस्तापर्यंतचा काळ. लोणारची दैत्यसूदनासारखी देवळं याच काळातली. लांबलेला कोरडा काळ, आणि त्याच काळात दगडी देवळांची रेलचेल?

यात विरोध वाटतो, कारण आपण तळं आणि शेत एकच धरतो. बंद तळ्याची पातळी म्हणजे अनेक वर्षांच्या पावसातून बाष्पीभवन वजा केलेली शिल्लक. ज्वारीला मात्र त्या वर्षीचा वेळेवर पडलेला पाऊस पुरतो. शिवाय देऊळ उभं राहतं ते दान, महसूल आणि राजसत्तेच्या जोरावर, आणि तो पैसा दूरच्या सुपीक मुलखातूनही येऊ शकतो. प्रमाणाचा मुद्दाही आहेच: १० मीटरमध्ये ११ हजार वर्षं म्हणजे सरासरी १ सेंटिमीटरला ११ वर्षं. बारा वर्षांचा म्हणून लोकांच्या तोंडी राहिलेला दुर्गादेवीचा दुष्काळ (१३९६ ते १४०७) या गाभ्यात जेमतेम एक सेंटिमीटर. त्यातून तारखांची त्रुटी दशकांची किंवा शतकाचीही असते. गाळाने एखाद्या ताम्रपटाला खोटं पाडलं असं कुणी लिहिलं तर त्रुटी किती वर्षांची, एवढं विचारावं. आणि कार्बन कशाचा मोजला तेही: क्षारयुक्त तळ्यात विरघळलेला जुना कार्बन शेवाळात शिरतो आणि ते शेवाळ जन्मतःच म्हातारं दिसतं. म्हणून गाळातलं जमिनीवरचं पान किंवा काडी शोधून तिचं वय काढतात.

या पाण्याची वर्गवारी रसायनशास्त्राच्या आधीच गावाने केली होती. आइन-ए-अकबरीत लोणारला काच आणि साबणाचा कच्चा माल मिळतो अशी नोंद आहे. पुढच्या गॅझेटियरांत इथल्या क्षारांची बाजारातली नावं येतात: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. कुठला क्षार कशाला चालतो हे नावावरून कळे. निमक दल्ल्यात मीठ आहे हे नावच सांगतं.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर्कांचा पाऊस पडला. पहिला संशय ड्युनालिएला या शैवालावर, आणि तो रास्त होता. खाऱ्या पाण्यात तेही लाल होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत रंगाचं कारण हॅलोआर्किया निघालं, म्हणजे जिवाणूंहून वेगळे, खूप खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. दोघांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीही जाणवतो: ड्युनालिएलाची पेशी साधारण १० मायक्रॉनची, दोन शेपट्या हलवत पोहणारी, हॅलोआर्किया त्याहून पुष्कळ लहान. आणखी एक साधी परीक्षा आहे. गाळणीवर जमलेला गुलाबी थर ऊर्ध्वपातित पाण्यात टाकला की बहुतेक हॅलोआर्किया फुटतात, कारण त्यांच्या पेशींना मीठच धरून ठेवतं. ही चूक नकळतही होते: नमुना ‘स्वच्छ करायला’ साध्या पाण्याने धुतला आणि मग काचपट्टीवर काहीच दिसेना! डीएनए तपासतानाही तसंच. फक्त जिवाणूंसाठी बनवलेले प्रायमर (ठरावीक डीएनएलाच चिकटणारे छोटे तुकडे) वापरले तर आर्किया यादीत येतच नाहीत, आणि अहवालात ‘आढळले नाहीत’ असं प्रामाणिकपणे लिहिलं जातं.

पाणी आटून क्षारता वाढली, हॅलोआर्कियांची भरभराट झाली. पाऊस पडला, पाणी पातळ झालं, रंग ओसरला. पण ‘क्षारता वाढली’ हे वाक्य दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहायचं असेल तर बाटलीवर तारीख, खोली आणि जागा हवी. धार या झऱ्याचं गोडं पाणी तळ्याला मिळतं तिथे भरलेली बाटली आणि काठावरच्या कमळजा देवीच्या देवळासमोर भरलेली बाटली, दिवस एकच असला तरी, एका तक्त्यात एकमेकींखाली लिहायच्या नाहीत.