तांबडा-पांढरा खाऊनही बी-१२ कमी का?

कोल्हापुरात कुणाला बी-१२ कमी आहे म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "आम्ही तर मटण खातोय की!" खातो, पण आठवड्यातून एकदा. शिवाय बऱ्याच घरांत पीस पोरांच्या आणि पुरुषांच्या ताटात पडतात, बाईच्या वाट्याला रस्सा उरतो. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, त्यामुळे थोडंफार रश्शात उतरतं. खरा साठा मात्र मांसात, आणि सगळ्यात जास्त काळजात, म्हणजे बकऱ्याच्या यकृतात.

मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण २.२ मायक्रोग्रॅम. आपल्या यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून फसगत होते. माळ घातली, मटण सुटलं, दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. मग तळपायाला मुंग्या येतात, जीभ लाल-गुळगुळीत होऊन झोंबते, विसरायला होतं. आणि एक खूण फार महत्त्वाची: मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. पाय कुठं टेकलेत ही खबर मज्जारज्जूतून मेंदूला नीट पोहोचत नसते. डोळे उघडे असताना नजर ती उणीव भरून काढते, मिटले की उघडी पडते. याला वय झालं म्हणून सोडून देऊ नका. काही महिन्यांत उपचार झाले तर बरंच भरून येतं. वर्षं गेली तर चाल कायमची बिघडू शकते.

मटण रोज खाणाऱ्यालाही कमतरता होते, कारण अडचण पचनात असते. अन्नातलं बी-१२ सुटायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून पॅन्टोप्रॅझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना धोका. साखरेच्या मेटफॉर्मिननेही शोषण घटतं. अशा रुग्णाच्या पायाची आग 'साखरेमुळेच' म्हणून धरली जाते आणि बी-१२ तपासलंच जात नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर वर्षाला एकदा तपासणी मागून घ्या. गोळी मनाने बंद करू नका.

तपासणी गोळ्या-इंजेक्शन सुरू करण्याआधीच करा, नाहीतर आकडा फुगलेला येतो. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये लक्षणं असतील तर होमोसिस्टिन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक) बघावं लागतं. हिमोग्राममध्ये तांबड्या पेशी मोठ्या दिसतात असं पुस्तक सांगतं, पण सोबत लोह कमी असेल तर आकार सरासरीत नॉर्मल येतो. आपल्याकडे हे नेहमीचं. आणखी एक घोळ फॉलिक आम्लाचा. त्याने रक्त सुधारतं, नसांची झीज मात्र आतल्या आत चालूच राहते. म्हणून बी-१२ न बघता नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेऊ नयेत.

नसांची लक्षणं असतील तर सुरुवात इंजेक्शननेच होते. नंतर बऱ्याच जणांना १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी पुरते. शोषणाची मुख्य वाट बंद असली तरी त्यातलं एक टक्का, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, आपसूक आत जातं.

शाकाहारी माणसाला दुधाचा आधार. दिवसाला अर्धा लिटर दुधातून साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळतं, दही-ताकही त्यात धरा. शरीर एका वेळी थोडंच शोषतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ विभागून प्या. चहातलं दूध मोजू नका. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूधही उकळूनच प्यावं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार) होऊ शकतो आणि उकळल्याने थोडं बी-१२ गेलं तरी बरंचसं टिकतं. मोडाच्या कडधान्यांत ते नसतं. स्पिरुलिना या शेवाळाच्या पावडरीतलं बहुतेक शरीराला वापरता येत नाही.

    

सगळ्यात जास्त जपायचं ते शाकाहारी गरोदर बाईला. तिचं बी-१२ कमी असेल तर बाळ साठाच घेऊन येत नाही आणि अंगावरच्या दुधातूनही पुरेसं मिळत नाही. सहाएक महिन्यांचं बाळ हसेनासं झालं, धरलेली मान सोडू लागलं, हात थरथरू लागले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि आई-बाळ दोघांचंही बी-१२ तपासायला सांगा.