नवी जात म्हणण्याआधी

पाऊस ओसरला की सह्याद्रीतल्या फुलपाखरांचे फोटो येऊ लागतात आणि एखाद्याखाली प्रश्न असतो, ही नवी जात तर नसेल? आज त्याबद्दलच लिहितोय.

बहुतेक वेळा कारण ऋतूचं निघतं. कॉमन इव्हनिंग ब्राऊनच्या पावसाळी रूपात पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात. कोरड्या ऋतूत ते जवळजवळ पुसले जातात आणि फुलपाखरू वाळक्या पानात मिसळून जातं. नुसत्या फोटोंवरून या दोन जाती वाटाव्यात! दोन्ही ऋतूंतले नर-माद्या, जमल्यास अळीपासून वाढवलेले, शेजारी शेजारी मांडून बघायलाच हवेत.

खरा निवाडा बऱ्याचदा जननेंद्रियांवर होतो. आधी नमुन्याचा एक पाय काढून डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा. मग पोट वेगळं करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर, म्हणजे आतला मऊ भाग विरघळतो. वेळ फार झाला तर नाजूक भाग इतके पारदर्शक होतात की कडाच कळत नाहीत. पाण्यात धुऊन, मऊ ब्रशने खवले आणि चरबी काढून अवयव ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत ठेवायचे, कुपी त्याच फुलपाखराच्या टाचणीला. कुपी आणि फुलपाखरू यांच्या क्रमांकांची अदलाबदल झाली तर दोन्ही नमुने वाया.

जात ओळखायला सीओआय या जनुकाचा, डीएनएच्या ६५८ अक्षरांचा तुकडा मदत करतो, पण एकट्याने निकाल देत नाही. संकर किंवा कीटकांच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूमुळे दोन वेगळ्या जातींत तो सारखा निघू शकतो.

झोग्राफेटस मॅथ्यूई हे अलीकडचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. केरळातल्या कल्लारच्या या स्किपर गटातल्या फुलपाखराला आधी झोग्राफेटस ओगीजिया समजलं जायचं. नराच्या पुढच्या पंखांतल्या फुगीर शिरा, पिवळसर केसाळ खवले आणि वेगळी जननेंद्रियं एकत्र पाहिली गेली, तेव्हा २०२५ मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं. म्हणजे जात जंगलात होतीच, फक्त ओळखीच्या नावाखाली झाकलेली.

नमुने वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय गोळा करू नयेत. वर्णनात सहसा एक होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार ठरणारा एकच नमुना, ठरवतात. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे नव्या जातीचे नमुने अधिकृत संग्रहालयात जमा करावे लागतात, आणि नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव हवं. खाद्यवनस्पती कळली असेल तर तीही त्याच दिवशी लिहावी.