पुलाची क्षमता एकाला ठाऊक, गाड्यांचं वजन दुसऱ्याला

लष्करी मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन सांघिक प्रशिक्षण तयार करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सोबत स्लाइड्सचा भला मोठा संच आला. प्रत्येकाने आपापल्या वेळेत तो बघायचा, शेवटी प्रश्न सोडवायचे, झालं प्रशिक्षण! यातून एकेक माणूस शिकेल, पण टीम कशी शिकणार, हे मला पहिल्यापासून खटकत होतं.

३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘विन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान लढाऊ समजून पाडलं. २९० जण गेले. नौकेच्या यंत्रणेत विमान वर चढत असल्याची नोंद होती, तरी ते खाली येतंय असं नौकेच्या नियंत्रण कक्षात सांगितलं गेलं. त्यानंतर अमेरिकी नौदलाने ताणाखालच्या निर्णयांवर मोठं संशोधन हाती घेतलं. माझी दिशा तिथेच ठरली.

मी माहिती मुद्दाम वाटून टाकली. सरावात एका पुलाची भारक्षमता फक्त गुप्तवार्ता विभागाच्या स्क्रीनवर दिसते, गाड्यांचं वजन फक्त रसदवाल्यांच्या. कुणी कुणाला विचारलंच नाही, तर ताफा पुलापाशी येऊन अडकतो. ‘सगळ्यांना सगळं दाखवा’ असा आग्रह बराच झाला, पण मी हटलो नाही. कार्यस्मृतीत, म्हणजे काम करताना माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी मावतात. सगळ्या स्क्रीन सगळ्यांसमोर उघडल्या की महत्त्वाचं तेवढंच निसटतं, आणि बोलायची गरजही उरत नाही. संदेश मिळाला की नुसतं ‘ओके’ चालत नाही, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, हा नियमही घातला.

सगळ्यात जास्त जीव ओतला तो मधल्या थांब्यांवर. सराव ऐन भरात असताना स्क्रीन गोठते. शत्रू कुठे आहे, पुढे काय होईल, असे प्रश्न येतात. प्रत्येकाने एकट्याने लिहायचं. मग उत्तरं शेजारी शेजारी येतात. एकाच मोहिमेवरच्या माणसांच्या डोक्यात किती वेगवेगळे नकाशे असतात, ते तेव्हा दिसतं!

एकाच दिवसात सगळं उरकण्याऐवजी सत्रं आठवड्यांच्या अंतराने ठेवली, कारण विसरायला लागलेलं पुन्हा आठवावं लागलं की ते पक्कं होतं. आणि आढाव्यात सर्वात कनिष्ठ माणूस आधी बोलतो. वरिष्ठांचं मत एकदा आलं की बाकीच्यांचं आपोआप त्याच्याकडे झुकतं, म्हणून त्यांचा माइक शेवटी उघडतो.